दोरीवरचे आठ पट्टे

रंग निवडायला बसलेला माणूस खरं बोलत नाही, हे बोटींच्या कारखान्यातल्या रंगबाईला बावीस वर्षांत पक्कं कळून चुकलं होतं. "मला काही खास आवडनिवड नाही" म्हणणारा सगळ्यात जास्त वेळ खातो. "साधाच द्या काहीतरी" म्हणणाऱ्याला शेवटी तीन रंग आणि वर एक पट्टी लागते. नवरा-बायको जोडीने आले, की नवरा म्हणतो, "हिलाच विचारा." हिने सांगितलं की त्याचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं होतं. कोण किती वेळा "बघू" म्हणाला, हे रंगबाई मनातल्या मनात मोजत असे. सात वेळा "बघू" म्हणणारं गिऱ्हाईक त्या दिवशी सही करत नाही, आठव्यांदा म्हणालं तर त्या महिन्यात करत नाही. हा तिचा अनुभव होता आणि तो सहसा चुकत नसे.

कारखान्यात एकाच जातीची बोट बने. खाली फायबरचा टणक तळ आणि कडेने गोल फिरवलेले, हवा भरलेले, रबरी कापडाचे जाडजूड नळे. तळ कुठल्याही रंगाचा असला तरी पाण्याखाली जातो, त्याच्याबद्दल कुणी भांडत नाही. भांडणं नळ्यांवरून. ते कापड एकदा कापलं, चिकटवलं, की बोट जगेल तितकी वर्षं तोच रंग. म्हणून रंगबाईच्या टेबलावर रंगपत्रक असे, आणि त्यावर सही झाल्याशिवाय मागच्या शेडमध्ये कापडाला कात्री लागत नसे.

सही कुणाची, याचाही नियम होता. बोट चालवणार त्याची. पैसे देणाऱ्याची नाही, साहेबाची नाही. पूर्वी एका हॉटेलवाल्याने काळे नळे निवडले होते. काळ्यात बोट सडपातळ दिसते, असं त्याचं म्हणणं. भर दुपारी नळे ढोलासारखे तटतटले आणि पाहुण्यांनी अख्खी सफर उभ्याने केली, कारण बसेल त्याचं बूड भाजत होतं. हॉटेलवाला त्या बोटीत एकदाही बसला नाही. बसला बिचारा बोट चालवणारा, आणि शिव्याही त्यानेच खाल्ल्या. तेव्हापासून कारखान्यात ठरलं, ज्याचं बूड त्याची सही.

निवडायची पद्धतही इथली. ट्यूबलाइटखाली बसून वहीतले तळहाताएवढे तुकडे बघण्यावर रंगबाईचा काडीचा विश्वास नव्हता. अंगणात आडवी दोरी बांधलेली होती, तिच्यावर आठ रंगांचे हातभर रुंद पट्टे. ती स्वतः उठून त्यांच्यावर बादलीतलं पाणी मारी, कारण बोट काही वाळत घालायला घेत नाही कुणी. मग गिऱ्हाइकाला फाटकापाशी, तीस पावलांवर, उभं करी आणि विचारी, "आधी कुठला दिसला?" डोळ्याला आधी दिसेल तो खरा, मनाला आवडेल तो नंतर.

बंदर कार्यालयाच्या बोटीचा सारंग मात्र चार आठवडे झाले तरी फाटकापर्यंत गेलाच नव्हता.

सारंग म्हणजे बोटीचं चाक हातात असलेला माणूस. पलीकडच्या बेटावर डॉक्टर, मास्तर, पोस्टाची थैली आणि बाजारहाट करून परतणारी माणसं नेणारी बोट तो सव्वीस वर्षं चालवत होता. जुनी बोट ठिगळांना कंटाळली होती, कार्यालयाने नवीन सांगितली, आणि नियमाप्रमाणे रंगासाठी सारंगाला पाठवलं.

पहिल्या खेपेला तो म्हणाला, "तुम्हीच सांगा बाई, तुमचा हात रोजचा."

दुसऱ्या खेपेला म्हणाला, "आज गुडघा दुखतोय, अंगणात नको. वहीच बघतो." वही त्याने कोर्टाचे कागद बघावेत तशी बघितली. प्रत्येक तुकड्यावर बोट ठेवून विचारायचा, "याचा नंबर काय?" रंगांचा नंबर विचारणारं गिऱ्हाईक रंगबाईने बावीस वर्षांत पहिलंच पाहिलं. तिने सांगितले. त्याच्या बरोबर आलेली बायको ओठांतल्या ओठांत ते नंबर घोकत होती.

तिसऱ्या खेपेला तो नंबर पाठ करून आला. "बारा नंबर द्या," म्हणाला. पण मधल्या आठवड्यात वही नवी आली होती आणि नव्या वहीत बारा म्हणजे गुलाबी. रंगबाईने गुलाबी तुकडा समोर धरला. सारंग शांतपणे म्हणाला, "हां, हाच." बायको जवळजवळ किंचाळली, "अहो, हा नाही! म्हणजे... ह्यांना थट्टा करायची सवयच आहे." मग ती एवढी हसली, की तिला ठसका लागला. सारंग हसला नाही. रंगबाईने पत्रक परत खणात ठेवलं. घरी जाताना तिच्या डोक्यात बऱ्याच गोष्टी एकापुढे एक नीट बसल्या, आणि बसल्या नसत्या तर बरं झालं असतं असं तिला वाटलं.

गोष्ट अशी होती, की सारंगाच्या डोळ्यांतून रंग निघून चालले होते. आठ महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं: आकार राहतील, अंतर कळेल, रंग जातील. याला थेंब नाहीत, ऑपरेशन नाही. लाल आणि हिरवं तर गेलंच होतं. खाडीच्या तोंडाशी वाट दाखवणारी लाल आणि हिरवी तरंगती पिंपं असतात, लाल एका हाताला आणि हिरवं दुसऱ्या हाताला ठेवून मधून जायचं, बाहेर खडक. कार्यालयाला कळलं असतं तर चाक त्याच दिवशी गेलं असतं. हे तिघांना माहीत होतं: सारंगाला, त्याच्या बायकोला, आणि बोटीचं इंजिन सांभाळणाऱ्या त्याच्या मेहुण्याला.

मेहुण्याला सगळे पोपट म्हणत. मूळचा तो महामुका माणूस. पण गेले आठ महिने इंजिनापाशी बसून तो अखंड बडबडत असे. "आला लाल, आला लाल, उजव्या हाताला लाल. हिरवा पुढे, हिरवा लांब आहे अजून." उतारूंना वाटे, याला या वयात वाचा फुटली. मास्तरांनी पोपट हे नाव ठेवलं. भावोजींसाठी त्याने तेही नाव घेतलं.

आज चौथी खेप. आज सही होणं भाग होतं, कारण मागच्या शेडमधल्या गोंदकाकांनी सकाळीच येऊन सांगितलं होतं, "बाई, हवा कोरडी आहे ती या शनिवारपर्यंत. नंतर दमट झाली की माझा गोंद धरत नाही. मग ती बोट पुढच्या मोसमात घ्या म्हणावं त्यांना." गोंदकाका एरवी कुणाशी बोलत नसत. हवेचा ओलावा दाखवणारं घड्याळ आणि स्वतःचं नाक, एवढ्या दोघांवरच त्यांचा भरवसा.

सारंग, त्याची बायको आणि आज पोपटही, असे तिघं आले तेव्हा रंगबाई डबा उघडून बसली होती. तिने झाकण परत लावलं आणि नळावर जाऊन बादली भरून आणली.

"आज वही नाही," ती म्हणाली. "सारंग, गुडघा कसा आहे?"

"बरा आहे."

"मग चला अंगणात."

तो लगेच उठला. रंगबाईला आश्चर्य वाटलं, पण क्षणभरच. ती बादली भरायला नळापाशी गेली होती तेवढ्यात सारंगाची बायको "जरा हात धुते हं" म्हणून मागच्या दाराने अंगणात जाऊन आली होती, आणि हात कोरडेच होते. आल्यावर नवऱ्याच्या कानाशी ती काहीतरी पुटपुटली होती. परीक्षेच्या दालनाबाहेर आया पुटपुटतात तसं.

रंगबाईने पट्ट्यांवर पाणी मारलं. आकाश ढगाळ होतं, उजेड सगळीकडे सारखा. सारंग फाटकापाशी जाऊन उभा राहिला. चाक हातात असल्यासारखे दोन्ही हात किंचित पुढे, पाय फाकलेले. पोपट त्याच्या मागे. बायको रंगबाईशेजारी, दोरीजवळ.

"आधी कुठला दिसला?" रंगबाईने ओरडून विचारलं.

सारंगाने उगाच थोडा वेळ घेतला. डोळे बारीक केले, मान तिरकी केली. नाटक बेताचं होतं, पण मेहनत होती.

"केशरी!" तो म्हणाला. "डावीकडून तिसरा. लगेच नजरेत भरतो. लांबून दिसायला केशरीच पाहिजे."

आणि त्याने हात लांब करून सैनिकी हिरव्या पट्ट्याकडे बोट दाखवलं.

बायकोने पट्टे मोजले होते ते मागच्या दारातून, दोरीच्या या बाजूने. या बाजूने केशरी डावीकडून तिसरा होता. फाटकावरून तो सहावा. सव्वीस वर्षं बोटवाल्याचा संसार केलेल्या बाईला कुठल्या तोंडाने बघितलं की डावं कुठलं, हे झोपेतही कळायला हवं होतं. पण ती तीन रात्री झोपलीच नव्हती.

हिरव्या पट्ट्यावरून पाणी ठिबकत होतं. पोपटाने मान खाली घातली आणि बुटाने वाळूत रेघ ओढली. सारंगाचा हात अजून वर होता. समोरची शांतता ऐकून त्याने तो हळूहळू खाली घेतला.

"चहा घेऊ या," रंगबाई म्हणाली.

आत आल्यावर सारंगाच्या बायकोनेच तोंड उघडलं. "ऊन डोळ्यांवर येत होतं त्यांच्या."

"ढग आहेत, वहिनी."

"ढगाळलं की जास्तच त्रास होतो."

रंगबाईने चार कपांत चहा ओतला. तिची पाठ दुखत होती, आणि अशा वेळी माणसं अजून किती खोटं बोलतील याचा अंदाज तिला आधीच आलेला असे. त्याचाच थकवा जास्त. "वहिनी," ती म्हणाली, "मागच्या खेपेला ह्यांनी गुलाबी पसंत केला होता. बंदर कार्यालयाची बोट गुलाबी. मी घरी जाऊन एकटीच हसले, आणि मग हसू येईना. कधीपासून?"

"आठ महिने," सारंग म्हणाला.

"अहो!" बायको म्हणाली.

"त्यांना कळलंय. उगाच कशाला?"

बायको खुर्ची पुढे ओढून रंगबाईजवळ सरकली. आवाज खाली आला. "बाई, ऐका माझं. ह्यांनी तोंडाने काय सांगितलं? केशरी. कार्यालय तरी काय निवडेल? केशरीच. बरोबर रंग सांगितला ना? मग पत्रकावर केशरी लिहा, ह्यांची सही घ्या. तुमचा गोंद वाळेल, आमची बोट होईल. हाताचं बोट कुठल्या दिशेला गेलं होतं हे पत्रकात लिहितात का?"

यात खोट काढायला जागा नव्हती. रंगबाईने पेन उघडलं आणि खरोखरच लिहिलं: नळे, केशरी. धक्क्याला घासणारी पट्टी, काळी. बैठक, राखाडी. अक्षर नेहमीसारखं सुबक आलं. मग तिने पत्रक फिरवून सारंगापुढे ठेवलं.

"हे घ्या," ती म्हणाली. "माझं काम इथे संपतं. मी रंगांची बाई आहे, डोळ्यांची नाही. इथून पुढचं तुमचं तुम्ही बघा."

सारंगाने पेन हातात घेतलं. सही कुठे करायची ते पोपटाने वाकून दाखवलं, सवयीने.

"हां, दाखव," सारंग म्हणाला. "तेही तूच दाखव."

"तसं नाही भावोजी..."

"आज सकाळच्या फेरीत किती वेळा बोललास?"

"म्हणजे?"

"लाल, हिरवा. किती वेळा?"

"मोजतंय कोण?"

"मी मोजतो. एकेचाळीस वेळा. पूर्वी पंचवीसमध्ये भागायचं. तुला भीती वाटायला लागलीय का रे?"

पोपटाची बहीण म्हणाली, "त्याला कशाला मध्ये घेता? गप बस रे तू."

"गप बसायचंच तर विसरलोय ना ताई!" पोपट एकदम म्हणाला. एवढा मोठा आवाज त्याचा त्यालाच नवीन होता, म्हणून पुढचं तो हळू बोलला. "घरी जेवताना बोलतो मी. बायको म्हणते, आमटीला लाल काय म्हणता. आठ महिन्यांत एक रजा नाही. ताप होता तरी गेलो, कारण मी नसलो तर बोट कुणाच्या भरवशावर जाणार? पोरीच्या शाळेत दोनदा बोलावलं, दोनदा नाही गेलो. तिला वाटतं बाबाला तिचं काही पडलेलं नाही. तिला काय सांगू?"

"माझ्यासाठी एवढं करायला जड जातंय?" बहीण म्हणाली. "लहानपणी कडेवर घेऊन फिरवलंय तुला."

"फिरवलंस. तू दमलीस की खाली ठेवायचीस ना पण?"

बहीण खुर्चीत मागे टेकली.

"आणि त्या मंगळवारचं?" सारंगाने विचारलं.

"कुठल्या?"

"धुक्याच्या."

पोपटाने कप पुढे सरकवला. "त्या दिवशी मी खोकत होतो," तो म्हणाला. "खोकल्यात लाल म्हणायचं राहून गेलं. तुम्ही चुकीच्या अंगाला घेतली. मी उठून तुमच्या हातावर हात मारला."

"पाय घसरला म्हणालास."

"मास्तर बघत होते. नऊ माणसं होती बोटीत, भावोजी. खडक एवढ्यावर होता." त्याने टेबलावर हाताने अंतर दाखवलं. रंगबाईच्या नमुन्यांच्या वहीपासून चहाच्या कपापर्यंत होतं ते.

सारंगाच्या बायकोला हे माहीत नव्हतं. तिने त्या अंतराकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे, आणि पदराने तोंड पुसलं. तिच्या हिशेबात आतापर्यंत एकच गोष्ट होती: चाकाशिवाय हा माणूस घरात कुठे बसेल, कुठल्या खुर्चीत, कुणाकडे तोंड करून. ती तो विचार करून करून थकली होती. नऊ माणसं त्या हिशेबात कधी आलीच नव्हती.

"मला वाटलं होतं," सारंग कुणाकडेही न बघता म्हणाला, "नवी बोट आली की दोन मोसम काढीन. पिंपं कुठे आहेत ते मला डोळे मिटून माहीत आहे. पण पिंपं हलवतात ते. दर वर्षी गाळ साचतो आणि हलवतात." त्याने पेनचं टोपण लावलं, परत काढलं. "बाई, नियम काय म्हणालात तुमचा? सही कुणाची?"

"बोट चालवणार त्याची."

"मग माझी कशाला घेता?"

त्याने पेन पोपटापुढे धरलं.

"छे छे," पोपट मागे सरकला, खुर्ची करकरली. "मला नको. मी इंजिनाचा माणूस आहे. मला माणसांशी बोलता येत नाही."

"आठ महिने दुसरं काय केलंस?"

"ते तर रंग होते!"

"चाकावर दुसरं काय असतं? रंग आणि शेजारच्या बोटवाल्याला शिव्या. शिव्या मी शिकवीन."

"भावोजी, कार्यालय मला का देईल?"

"लायसन्स आहे तुझ्याकडे. माझ्याच मागे लागून काढलंस. देणार नाहीत तर देणार नाहीत, मग दुसरा कुणी येईल. पण चुकीचा माणूस तरी उठलेला असेल." हे बोलून त्याला दम लागला, वजन उचलल्यासारखा. "जा. फाटकाशी जा आणि बघून ये."

पोपट गेला. रंगबाईलाही उठावं लागलं, कारण पट्टे सुकत आले होते. तिने पुन्हा बादली भरली, पुन्हा पाणी मारलं. पोपट फाटकाशी गेला आणि इतका वेळ उभा राहिला की गोंदकाका शेडच्या दारातून डोकावले आणि कपाळावर हात मारून परत गेले.

"आधी कुठला दिसला?" रंगबाई ओरडली.

"आधी पिवळा!" पोपट ओरडला. "मग केशरी. पण पिवळा फेसात हरवेल का हो? आणि किडे बसतात म्हणे पिवळ्यावर. केशरीच बरा. पण बाई, केशरीला वर एक पांढरी पट्टी..."

रंगबाईने डोळे मिटले. निघाला हाही त्यातलाच. मनातल्या मनात तिने पहिल्या "बघू"साठी जागा मोकळी ठेवली.

पट्टीवर पाऊण तास गेला. रुंद हवी की अरुंद, एका अंगाला की दोन्ही, आणि तिच्यावर पाय पडून ती मळेल की नाही. सारंगाची बायको तावातावाने म्हणत होती की पांढरी पट्टी महिन्याभरात चपलांच्या ठशांची होईल, आणि पोपट म्हणत होता, "ताई, लांबून बोट कुठे संपते ते कळायला हवं की नको?" भांडता भांडता तिच्या आवाजात थोडा जीव आला होता. शेवटी पट्टी ठरली, अरुंद, दोन्ही अंगांना. पोपटाने सही केली. अक्षर वाकडं आलं, पण वाचता येत होतं. रंगबाईने पत्रक काढून शेडमध्ये पाठवलं, आणि दोनच मिनिटांत आतून टेबलावर कापड उलगडल्याचा जड आवाज आला.

सारंग एवढा वेळ खिडकीपाशी बसून होता. चहा तसाच गार झालेला.

"कसा आहे?" त्याने बायकोला विचारलं.

"काय?"

"केशरी. कसा आहे?"

ती विचारात पडली. सव्वीस वर्षांत त्याने तिला रंगाबद्दल काही विचारलं नव्हतं. "झगझगीत आहे," ती म्हणाली. "डोळ्याला टोचतो जरा."

"चांगलं आहे." तो उठला, गुडघ्यावर हात टेकून. गुडघा खरोखरच दुखत होता. "कार्यालय पाचला बंद होतं. मी जाऊन सांगून येतो साहेबांना."

"आज? उद्या जा. दमलायत तुम्ही."

"उद्या सकाळची फेरी आहे."

"मग मी येते बरोबर."

"नको."

"रस्ता ओलांडायचाय, तिथले दिवे..."

"लोक चालायला लागले की मी चालतो. एवढं जमतं." त्याने रंगबाईकडे पाहून मान हलवली. आभार की निरोप, ते तिला कळलं नाही. "पोपट, तू शाळेत जा. अजून सुटली नसेल."

तो बाहेर पडला. सारंगाची बायको अर्धवट उठली, परत बसली, आणि त्याचा गार चहा स्वतःकडे ओढून पिऊ लागली. रंगबाईने डबा उघडला, तिच्यापुढे झाकण सरकवलं आणि त्यात अर्धं काढून दिलं.